शिक्षकाच्या वेळेची नोंदवही कोण ठेवणार?

मा. शालेय शिक्षण मंत्री,
महाराष्ट्र राज्य,
मंत्रालय, मुंबई यांस



पत्रास कारण, 2027 सालचा फेब्रुवारी महिना.

त्या महिन्यात देशाची लोकसंख्या मोजली जाणार आहे आणि प्रगणक म्हणून घरोघरी फिरणाऱ्यांत शिक्षक मोठ्या संख्येनं असतील. दहावी-बारावीच्या परीक्षाही हल्ली फेब्रुवारीतच सुरू होतात. 2025 मध्ये बारावीची 11 तारखेला आणि दहावीची 21 तारखेला सुरू झाली. म्हणजे पर्यवेक्षण आलं आणि पाठोपाठ पेपर तपासणं आलं. तिसरी गोष्ट सर्वोच्च न्यायालयाच्या 1 सप्टेंबर 2025 च्या निकालाची. पहिली ते आठवीला शिकवणाऱ्या आणि निवृत्तीला पाच वर्षांहून अधिक काळ उरलेल्या सेवेतल्या शिक्षकांनाही त्यानं दोन वर्षांत शिक्षक पात्रता परीक्षा (टीईटी) उत्तीर्ण होणं बंधनकारक केलं. ती मुदत 2027 च्या सप्टेंबरात संपते. डोंबिवलीतल्या एखाद्या हायस्कुलात सहावी ते आठवीला शिकवणारी पंचेचाळिशीची बाई डोळ्यांसमोर आणा. सकाळी वर्ग, दुपारी परीक्षागृहात पर्यवेक्षण, संध्याकाळी जनगणना आणि रात्री टीईटीचं मार्गदर्शक पुस्तक. तिचा मुलगा किंवा मुलगी त्याच वर्षी दहावीला असणं यात काही अशक्य नाही.

या कामांचे आदेश वेगवेगळ्या दारांतून येतील. जनगणनेचा एकीकडून, परीक्षा मंडळाचा दुसरीकडून. प्रत्येक आदेश आपापल्या जागी कायदेशीर असेल, आणि एकेकटा पाहिला तर फार मोठाही वाटणार नाही. पण या सगळ्यांची बेरीज एका माणसाच्या दिवसात किती होते, हे पाहणारं एकही टेबल राज्यात नाही. मला लिहायचं आहे ते या बेरजेबद्दल. म्हणूनच पत्र तुम्हाला लिहिते आहे. निवडणूक आणि जनगणना तुमच्या खात्याच्या नाहीत याची मला कल्पना आहे, पण शिक्षक तुमच्या खात्याचे आहेत.

मी डोंबिवलीतल्या एका अनुदानित मराठी शाळेत गणित आणि विज्ञान शिकवते, राहते कल्याणला. हे पत्र पगारवाढीसाठी नाही आणि जुन्या पेन्शनसाठीही नाही. त्यासाठी संघटना आहेत, मार्च 2023 चा संप सगळ्यांच्या लक्षात आहे. शिवाय आमच्याबद्दल समाजात काय बोललं जातं तेही ठाऊक आहे. दिवाळीची सुट्टी, मे महिन्याची सुट्टी, अर्ध्या दिवसाची शाळा, सातवा वेतन आयोग. यातलं बरंचसं खरं आहे. पूर्ण अनुदानावरच्या शिक्षकाचा पगार आज वाईट नाही. दहा वर्षांपूर्वीचं टाचण तसंच्या तसं उतरवून काढणारेही आमच्यात आहेत, त्यांची वकिली मी करणार नाही. माझं म्हणणं मनापासून शिकवणाऱ्यांविषयी आहे, कारण ओझं त्यांच्यावरच पडतं. कामचुकाराला काम सांगायला कुणी जात नाही.

अलीकडे शिक्षकांच्या मनःस्वास्थ्याबद्दल बोललं जाऊ लागलं आहे, ही बरी गोष्ट. ठाण्यात तर या विषयाची लाज वाटण्याचं कारणच नाही. "याला ठाण्याला पाठवा" हा विनोद ज्या मनोरुग्णालयावरून निघाला, ते 1901 पासून इथं उभं आहे. डॉ. आनंद नाडकर्णी यांच्या पुढाकारानं 1990 मध्ये सुरू झालेली आयपीएच ही संस्थाही इथलीच. मनाच्या आजाराबद्दल चारचौघांत, न कुजबुजता बोलायची सवय तिनं या शहराला लावली. केंद्र सरकारची टेलिमानस ही 14416 क्रमांकाची मोफत सेवा ऑक्टोबर 2022 पासून आहे. ज्याला झोप लागत नाही, ज्याला उगाच रडू येतं, त्यानं तिथं जरूर फोन करावा. आमच्या शिक्षक खोलीत असे लोक आहेत.

पण तणावमुक्तीच्या कार्यशाळा मात्र सहसा रविवारी सकाळी असतात! ऑनलाइन, हजेरीची लिंक शेवटी, आणि उपस्थितीचा फोटो गटावर टाकायचा. दीर्घ श्वास घ्या, स्वतःसाठी रोज अर्धा तास काढा, असं वक्ते सांगतात. वक्त्यांचं काही चुकत नाही. तो अर्धा तास कुठून काढायचा, हे त्यांच्या हातात नाही. आमच्या बहुतेकांच्या मनाला काही झालेलं नाही, झालंय ते वेळापत्रकाला. आणि वेळापत्रकावर प्राणायाम चालत नाही.

आता कायद्याकडे येते. शिक्षण हक्क कायद्याचं कलम 27 शिक्षकाला शिक्षणेतर कामावर लावायला मनाई करतं आणि अपवाद तीनच ठेवतं: दर दहा वर्षांची जनगणना, आपत्तीतलं मदतकार्य आणि निवडणुका. तुमच्या विभागानंही ऑगस्ट 2024 मध्ये शासन निर्णय काढून शैक्षणिक कामं कोणती आणि अशैक्षणिक कोणती, याची वर्गवारी केली. तरी जानेवारी 2024 मध्ये राज्य मागासवर्ग आयोगाचं सर्वेक्षण झालं तेव्हा मोबाइल घेऊन दारोदार फिरणाऱ्या प्रगणकांत शिक्षक होतेच. ते काम जनगणना नव्हतं, आपत्ती नव्हतं आणि निवडणूकही नव्हतं. सर्वेक्षणाच्या गरजेबद्दल मला काही म्हणायचं नाही. पण अपवादांची यादी तीनाची असून चौथं काम इतक्या सहज आत शिरतं, तर पाचवं का शिरणार नाही? करोनाच्या काळात शिक्षकांनी घरोघर ताप मोजला, कुणी शिधावाटपाच्या दुकानांवर बसलं, कुणी नाक्यांवर. त्याबद्दल आजही आमच्यात कुणी कुरकुरत नाही, कारण ती खरीखुरी आपत्ती होती.

निवडणुकीच्या कामाचं जरा सविस्तर सांगते, कारण खरी गोम तिथं आहे. 6 डिसेंबर 2007 ला सर्वोच्च न्यायालयानं सेंट मेरीज शाळेच्या प्रकरणात सांगितलं की मतदारयाद्यांचं आणि निवडणुकीचं काम शिक्षकांना सुट्टीच्या आणि अध्यापन नसलेल्या दिवशी द्यावं, अध्यापनाच्या वेळेत सहसा देऊ नये. वर्ग वाचावा हा त्यामागचा हेतू, आणि तो योग्यच. पण त्याचा दुसरा अर्थ कुणी मोठ्यानं वाचला नाही. शाळेच्या वेळेतून उचललेलं काम नाहीसं झालं नाही, ते रविवारी आणि रात्री जाऊन बसलं. मुलांच्या तासांना न्यायालयाचं संरक्षण मिळालं, शिक्षकाच्या घरच्या तासांना कुणाचंच मिळालं नाही.

डोंबिवलीत हे कसं दिसतं ते पाहा. बीएलओ (मतदान केंद्रस्तरीय अधिकारी) म्हणून यादीभाग हातात मिळतो. एका मतदान केंद्रावर जास्तीत जास्त 1,200 मतदार असावेत असं निवडणूक आयोगानं 2025 मध्ये ठरवलं, म्हणजे माणसं साधारण तेवढी. पण ही माणसं दिवसा घरी नसतात. दोघंही मुंबईला. आठची लोकल पकडून गेलेलं जोडपं रात्री साडेआठ-नऊला परततं. त्यामुळे दार उघडण्याची वेळ रात्री नऊ ते दहा किंवा रविवार, म्हणजे नेमकी आमचीही घरी असण्याची वेळ. जुन्या इमारती पुनर्विकासाला गेलेल्या असतात, भाडेकरू पांगलेले असतात, नावं मात्र यादीत जुन्या पत्त्यावरच. कोण कुठं गेलं, हे शेजारच्या किराणा दुकानदाराला विचारायचं. कल्याण-शीळ रस्त्यावरच्या मोठ्या संकुलांत वेगळी गंमत. फाटकावरचा वॉचमन आधी मोबाइलवरून सदनिकाधारकाची परवानगी घेतो, मग वहीत आपलं नाव, आत गेल्याची वेळ आणि बाहेर पडल्याची वेळ लिहून घेतो. आमच्या वेळेची नोंद ठेवणारी तेवढी एकच वही मी आजवर पाहिली आहे.

या कामाचं वार्षिक मानधन आयोगानं ऑगस्ट 2025 मध्ये 6,000 रुपयांवरून 12,000 केलं. महिन्याला एक हजार. वाढ झाली, आभार. पण रात्री दहाला कुठल्याशा जिन्यावर उभ्या असलेल्या बाईला हजार रुपये नको असतात, घरी जायचं असतं. पुढच्याच काही महिन्यांत इतर राज्यांत मतदारयाद्यांचं विशेष सखोल पुनरीक्षण झालं, बीएलओंच्या मृत्यूंच्या बातम्या आल्या, आणि 4 डिसेंबर 2025 ला सर्वोच्च न्यायालयाला सांगावं लागलं की राज्यांनी जादा कर्मचारी द्यावेत आणि ज्यांची खरी अडचण आहे त्यांच्या विनंतीचा स्वतंत्र विचार करावा. महाराष्ट्रानं अशा बातम्यांची वाट पाहू नये एवढंच म्हणते.

माहिती मागवण्याबद्दल फार लिहीत नाही, त्यावर सगळेच लिहितात. यू-डायस, सरल, अपार, शालार्थ या ऑनलाइन नोंदी, पोषण आहाराची रोजची संख्या, झाड लावल्याचा फोटो, शपथ घेतल्याचा फोटो. "आज दुपारी तीनपर्यंत विहित नमुन्यात सादर करावी, निरंक असल्यास निरंक कळवावे." काही नाही हे कळवण्यासाठीही तास सोडावा लागतो. ज्या माहितीचा रकाना दर वर्षी तोच असतो, ती वर्षातून एकदाच घेऊन वरच्या सगळ्या कार्यालयांनी आपसांत वाटून घ्यावी, हे सुचवायला तज्ज्ञ समिती लागत नाही.

आता आकडा. शिक्षण हक्क कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते आठवीच्या शिक्षकासाठी आठवड्याला 45 तास सांगितले आहेत आणि पूर्वतयारी त्यातच धरलेली आहे. शाळेतले तास साधारण तीस-बत्तीस होतात. उरले तेरा-पंधरा. साठ मुलांच्या वर्गाचे निबंध तपासायचे, एकेकाला पाच मिनिटं दिली, तर पाच तास गेले. ही एका विषयाची, एका तुकडीची गोष्ट. प्रयोगाची तयारी, मागे पडलेल्या मुलांसाठी वेगळ्या कृती, पालकांचे फोन धरले की 45 तास अध्यापनातच भरून जातात. इतर आदेशांसाठी कायद्यानं जागा ठेवलेलीच नाही. ती आमच्या स्वयंपाकघरातून, सासऱ्यांच्या औषधाच्या वेळेतून, मुलीच्या अभ्यासातून काढली जाते.

वर्गात काय शिकवलं याची मिनिटामिनिटाची नोंद आम्ही ठेवतो: वार्षिक नियोजन, घटक नियोजन, टाचण, लॉगबुक. मग शाळेत येणाऱ्या प्रत्येक आदेशाचीही एक नोंदवही ठेवा ना. आदेश कुणाचा, कुठल्या कायद्याखाली, किती शिक्षकांना, किती तासांचा. आठवड्याची बेरीज 45 च्या वर गेली की मुख्याध्यापकानं तो आदेश परत पाठवायचा. कुणावर उपकार म्हणून नाही, तर नियम म्हणून, आणि सही तुमच्या विभागाची. आज मुख्याध्यापकाला नाही म्हणण्याचा कागद नाही, म्हणून तो सगळ्याला हो म्हणतो. मग ज्या शिक्षिकेला नाही म्हणता येत नाही, तिचं नाव यादीत घालतो.

रजेचंही असंच. राज्यानं 23 जुलै 2018 च्या शासन निर्णयानं मूल अठरा वर्षांचं होईपर्यंत एकूण 180 दिवसांची बालसंगोपन रजा दिली आणि ती अनुदानित शाळांतल्या बायकांनाही लागू केली. उत्तम निर्णय. पण बँकेतली बाई रजेवर गेली तर तिच्या खिडकीसमोरची रांग शेजारच्या खिडकीकडे जाते आणि संध्याकाळी संपते. शिक्षिका दोन महिने गेली तर तिचे तास शेजारणीच्या वेळापत्रकात शिरतात, कारण बदली शिक्षक मिळत नाही. रजा सरकार देतं, किंमत मैत्रीण भरते. म्हणून मुलाला डेंग्यू झाला तरी बायका रजा टाकत नाहीत आणि आजारी मुलाला आजीजवळ ठेवून शाळेत येतात. आमच्याकडची बरीचशी व्यवस्था शिक्षकांच्या अपराधी भावनेवर चालते, हे माझं मत आहे, आणि ते मी विचार करून मांडते आहे. रजेच्या आदेशासोबत घड्याळी तासिकेवर शिक्षक नेमायचा अधिकार मुख्याध्यापकाला आपोआप मिळाला, तर 180 दिवसांना अर्थ येईल.

मे महिन्याच्या सुट्टीबद्दलही हेच. दीर्घ सुट्टी मिळते म्हणून शिक्षकाला इतर कर्मचाऱ्यांसारखी वर्षभर अर्जित रजा जमत नाही. ठीक आहे. पण मग 20 मे 2024 सारख्या मतदानासाठी सुट्टीतले दिवस गेले की त्यांची भरपाई मागायला अर्ज, दाखला, पुन्हा अर्ज कशासाठी? ठाणे आणि कल्याण मतदारसंघांचं मतदान त्याच दिवशी होतं, भर उकाड्यात. आदल्या दिवशी साहित्य घ्यायचं, रात्र केंद्रावर काढायची, दुसऱ्या दिवशी यंत्रं जमा करून पावती हातात पडेपर्यंत मध्यरात्र होते आणि शेवटच्या लोकलचा भरवसा राहत नाही. ज्या आदेशानं दिवस घेतला, त्याच आदेशात रजा जमा झाल्याची ओळ छापायला काय हरकत आहे?

जिल्हा परिषदेच्या शाळांतल्या मैत्रिणींची दगदग आमच्याहून निराळी. राहायचं कल्याण-डोंबिवलीला, कारण नवऱ्याची नोकरी मुंबईत आणि मुलांची शाळा इथं. आपली शाळा मात्र शहापूर नाहीतर मुरबाडच्या आत. कसारा लोकलनं आसनगाव, तिथून जीप, पुढे पाऊसपाण्यात चालत. एक गाडी चुकली की सगळा दिवस चुकतो. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावी योगेंद्र बांगर या जिल्हा परिषदेच्या शिक्षकानं 2016 च्या महिलादिनी आजीबाईंची शाळा काढली, तिचं कौतुक जगभर झालं. असं काही सुचायला आणि करायला संध्याकाळ मोकळी लागते. परतीच्या गाडीत उभ्यानं उद्याची ऑनलाइन माहिती भरणाऱ्या शिक्षिकेला काय सुचणार? 9 जून 2025 ला मुंब्र्याजवळ लोकलमधून पडून माणसं गेली, तेव्हापासून आमच्याकडे प्रत्येक घरात "पोचलीस का?" हा फोन सक्तीचा झाला आहे. आदेश काढताना शिक्षकाचा राहण्याचा पत्ता शालार्थवर पाहता येतो. अंबरनाथला राहणाऱ्या बाईला भिवंडीचा यादीभाग देण्याआधी तो एकदा पाहावा.

विनाअनुदानित आणि अंशतः अनुदानित शाळांतल्या शिक्षकांचं काय, असं कुणी विचारेल. त्यांच्याबद्दल बोलताना मलाच संकोच वाटतो. जुलै 2025 मध्ये ते आझाद मैदानावर पावसात बसले होते. इंग्रजी शाळांत तुटपुंज्या पगारावर शिकवून संध्याकाळी शिकवण्यांचे चार वर्ग घेणाऱ्या मुली डोंबिवलीच्या गल्लोगल्ली आहेत. काम आणि घर यांचा समतोल हे शब्द त्यांना चैनीचे वाटतील. त्यांचा प्रश्न आधी पगाराचा आहे, मग वेळेचा, आणि त्यासाठी वेगळं पत्र लागेल.

कामाच्या वेळेनंतर फोन न उचलण्याचा हक्क फ्रान्सनं 2017 मध्ये कायद्यात आणला, ऑस्ट्रेलियानं 2024 मध्ये. आपल्या खासदार सुप्रिया सुळे यांनी त्यासाठी 2018 मध्ये आणि पुन्हा डिसेंबर 2025 मध्ये लोकसभेत खासगी विधेयक मांडलं. खासगी विधेयकं सहसा मंजूर होत नाहीत, हे तुम्हाला मी सांगायला नको. पण शिक्षकांपुरतं करायला संसद लागत नाही. संध्याकाळी सहानंतर आणि रविवारी, आपत्ती सोडून, कोणतीही सूचना शिक्षकांच्या व्हॉट्सअॅप गटावर टाकायची नाही, आणि टाकली तर तिची मुदत पुढच्या शाळेच्या दिवसापासून मोजायची, एवढं परिपत्रक तुमचा विभाग एका पानात काढू शकतो. 2024 मध्ये चौथीपर्यंतच्या शाळा सकाळी नऊच्या आधी भरवू नका, असा निर्णय मुलांच्या झोपेचा विचार करून निघालाच की. अंमलबजावणीत अडचणी आल्या, दोन सत्रांच्या आमच्या शाळांची ओढाताण झाली, पण मुलांची झोप हा शासनाच्या विचाराचा विषय होऊ शकतो हे तरी ठरलं. शिक्षकाची झोपही होऊ दे.

माझी विनंती फेब्रुवारी 2027 पुरतीच आहे, म्हणजे तपासून पाहायला सोपी. ठाणे जिल्हा निवडा, कारण महापालिकेच्या, जिल्हा परिषदेच्या, अनुदानित आणि दोन सत्रांत भरणाऱ्या अशा सगळ्या तऱ्हांच्या शाळा इथं एकाच रेल्वेमार्गावर सापडतात. जनगणना, परीक्षा मंडळ, निवडणूक शाखा आणि महापालिकांचे शिक्षण विभाग यांना वर्ष संपण्यापूर्वी एका टेबलाभोवती बसवा. प्रत्येक शिक्षकाच्या नावासमोर त्या महिन्याचे आदेश आणि तास मांडा. ज्याचं स्वतःचं मूल दहावी-बारावीला आहे, जिच्या घरी अंथरुणाला खिळलेलं माणूस आहे, ज्याला टीईटी द्यायची आहे, त्याला त्या कामांतलं एक काम माफ करा आणि तसं लेखी द्या. ती यादी शाळेच्या सूचना फलकावर लावा, म्हणजे कुणाला सूट मिळाली आणि का, हे सगळ्यांना दिसेल आणि वशिल्याला वाव राहणार नाही.

उत्तर मला नको. यादी डिसेंबर संपण्याआधी फलकावर लागली तर पुरे.

आपली,
एक शिक्षिका
डोंबिवली